बसोपंत

अमेरिकेत ज्याच्या दारात जुनी प्रवासी बस उभी आहे, त्याला "मग, कुठे कुठे फिरून आलात?" असं विचारू नये. चेहरा पडतो बिचाऱ्याचा. त्याला "सध्या कुठलं काम काढलंय?" असं विचारावं. मात्र हे विचारण्याआधी आपलं जेवण झालेलं असावं आणि पुढचे दोन तास आपल्याला कुठे पोचायचं नसावं.

जुनी बस घ्यायची, आतल्या सीटा उपटून टाकायच्या आणि पलंग, ओटा, संडास, न्हाणी बसवून तिचं फिरतं घर करायचं, हा त्या देशातला एक जुना छंद आहे. छंद आपण म्हणायचं. करणाऱ्याची ती पूर्णवेळ नोकरी असते, फक्त पगार उलट्या दिशेने जातो.

फिनिक्सजवळच्या मेसा गावात आमच्या शेजारी असे एक गृहस्थ राहत. माझ्या बायकोने त्यांचं बारसं केलं : बसोपंत. वय पासष्टच्या पुढे, कपाळावर बॅटरीचा दिवा, गळ्यात चष्मा. कमरेपासून वरचे बसोपंत कायम बसच्या पोटात असत आणि खालचे तेवढे बाहेर. त्यामुळे पहिले काही महिने आम्ही त्यांना बुटांवरून ओळखत होतो. पुढे एकदा वाण्याच्या दुकानात ते समोरून आले आणि हसले, तेव्हा हे कोण, असा आम्हाला प्रश्न पडला. बूट बघितल्यावर खुलासा झाला.

ते हेलिकॉप्टरच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे प्रत्येक वायरीला नंबर असतो, प्रत्येक नंबराची कुठेतरी नोंद असते. आयुष्यभर या शिस्तीत राहिल्यामुळे बिननंबराची वायर दिसली की त्यांचं ब्लडप्रेशर वाढे. आणि माणसाने म्हातारपणी घेतली काय, तर तीन मालकांच्या हातून गेलेली बस.

बस मूळची भारदस्त होती. एमसीआय कंपनीची एमसी-८, १९७० च्या दशकातली, चाळीस फूट लांब, तीन आसांची. कंपनी कॅनडातल्या विनिपेगची. मागच्या बाजूला डेट्रॉइट डिझेलचं आठ सिलिंडरांचं टू-स्ट्रोक इंजिन. या इंजिनाबद्दल बसवाल्यांत एक म्हण आहे, ते गळत नसेल तर त्यातलं तेल संपलं असं समजावं. बसोपंत रोज सकाळी उठून आधी बसखाली अंथरलेला पुठ्ठा बघत आणि त्यावर ताजे डाग दिसले की समाधानाने कॉफी पीत.

या बसला 'आरव्ही' म्हटलेलं त्यांना खपत नसे. आमच्याकडे आलेला एक पाहुणा कौतुकाने तसं म्हणाला, तर त्याला अंगणातच थांबवून त्यांनी समजावलं, की आरव्ही म्हणजे फळकुटं आणि स्टेपल ठोकून केलेली वस्तू. हा 'कोच' आहे. या लोकांची जुनी संस्थासुद्धा 'फॅमिली मोटर कोच असोसिएशन' याच नावाने सुरू झाली. २० जुलै १९६३ रोजी मेन राज्यातल्या हिंकली गावी काही कुटुंबं आपापल्या फिरत्या घरांतून खग्रास सूर्यग्रहण बघायला जमली आणि तिथल्या तिथे ही संस्था निघाली. हे मी कराडच्या आत्याला फोनवर सांगितलं. आत्या म्हणाली, "ग्रहणात कार्य सुरू केलंय होय? मग वायरिंग जळायचंच."

हवी तर नवी कोरी, सगळ्या सोयींची गाडी बसोपंत एका चेकवर घेऊ शकले असते. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या भाषेत काकूंनी, हा मुद्दा लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला मांडला होता. बसोपंतांचं उत्तर ठरलेलं : "नव्या गाडीत काय कुठे जातं ते मला माहीत नसतं." आणि या गाडीतलं? "तेच तर शोधतोय."

शोध लागे तो दरवेळी एकाच माणसाचा. मागच्या मालकाचा.

मागचा मालक हा या पंथातला एकमेव सैतान. त्याला कोणी पाहिलेलं नसतं, पण त्याची कृत्यं सगळीकडे असतात. कंपनीने घातलेल्या वायरींवर नंबर होते. १९८० च्या सुमारास कोणीतरी बसचं घर केलं, भिंतींना काळपट लाकूड आणि जमिनीला तपकिरी केसाळ गालिचा लावला, आणि त्या गालिच्याखालून स्वतःच्या मनाला येईल तशा वायरी पळवल्या. बसोपंत पलंगाखालचं पॅनेल उघडत आणि आतून आवाज येई, "हे बघ! हे बघ काय केलंय!" आपण वाकून बघावं, तर स्पीकरच्या बारीक तारेवर फ्रिजचा पंखा चाललेला. घराच्या भिंतीत घालतात ती एकेरी सॉलिड तार, जी चालत्या गाडीत हादऱ्याने तुटते. जॉइंटांना पिळून बसवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या, ज्या प्रत्येक खड्ड्यागणिक अर्धा आटा सुटतात. आणि घरात लावायचा ब्रेकरचा डबा जसाच्या तसा आणून स्क्रूने ठोकलेला.

हे जुनं पॅनेल काढून नवं बसवायचं बसोपंतांनी घेतलं आणि त्याच सुमारास माझे बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले.

बाबा महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळातून ज्युनिअर इंजिनिअर म्हणून निवृत्त. सांगली जिल्ह्यात एकही डीपी नसेल, जिच्या फ्यूजला त्यांनी स्वतः तार घातली नाही. शर्टाच्या खिशात पेनशेजारी टेस्टर. तो विमानतळावर काढून घेतील म्हणून सामानातल्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीला चिकटवून आणला होता. घरात आल्या आल्या त्यांनी तो भिंतीवरच्या सॉकेटमध्ये घातला. दिवा मंद पेटला.

"लो व्होल्टेज आहे रे," बाबा म्हणाले.

"बाबा, इथे १२० व्होल्टच असतं."

"कायमचं?" बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढ्या लांब येऊन मुलाने काय मिळवलं.

आठवडाभर त्यांनी टीव्ही पाहिला, फिरून आले, पुन्हा टीव्ही पाहिला. आठव्या दिवशी ते घरात नव्हते. शोधत गेलो तर बसच्या पोटातून बाहेर चार पाय दिसत होते. दोन ओळखीचे बूट आणि दोन कोल्हापुरी.

बाबांना कामापुरतं इंग्रजी येई, पण ते काम म्हणजे मंडळाचं. त्यामुळे हवापाण्याच्या गप्पा बंद आणि थेट मुद्द्यावर. बाबा बसोपंतांना 'साहेब' म्हणत, कारण हयातभर ज्याच्या हातात मल्टीमीटर आहे त्याला साहेबच म्हणायची सवय. बसोपंत बाबांना 'बाबा' म्हणत, कारण मी, माझी बायको, मुलं, सगळे तेच म्हणतात म्हटल्यावर त्यांना ते नाव वाटलं.

पहिला वाद काळ्या वायरीवरून झाला. बसच्या बॅटरीच्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे निगेटिव्ह. अमेरिकेतल्या घरगुती वायरिंगमध्ये काळी म्हणजे फेज. आणि बाबांच्या सांगली जिल्ह्यात काळी म्हणजे न्यूट्रल. पॅनेलमधून एकदम काळ्या वायरींची जुडी निघाली. बसोपंत म्हणाले, फेज. बाबा म्हणाले, न्यूट्रल. मीटर लावला तर ती रेडिओची निगेटिव्ह. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकमताने मागच्या मालकाला शिव्या घातल्या. त्या दिवसापासून त्यांची मैत्री जमली.

दुसरं प्रकरण गंभीर होतं. बसची वीज गॅरेजमधल्या प्लगवरून घेतली, की तिथला जीएफसीआय खट्कन उडे. हा जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटचा ताळा करतो. पाच मिलिअँपिअरच्या आसपास फरक दिसला की बंद. बसोपंतांनी वैतागून मध्ये एक जुना ॲडॅप्टर घातला होता, ज्यात अर्थिंगची पिनच नव्हती. मग उडायचं थांबलं. पण ओल्या पायाने बसची कडी धरली की काकूंच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. बसोपंतांचं म्हणणं, ॲरिझोनात हवा कोरडी असते, होतं असं.

बाबांनी पॅनेलचं झाकण काढलं. आत न्यूट्रल आणि अर्थ एकाच पट्टीवर आवळलेले. घराच्या मुख्य बोर्डात ते एका ठिकाणी जोडतात, ते बरोबर. पण गाडीच्या पॅनेलमध्ये दोन्ही वेगळेच ठेवायचे असतात. नाहीतर परतीचा करंट सरळ वाटेने न जाता काही अंशी अर्थच्या तारेतून आणि बसच्या पत्र्यातून फिरतो. जीएफसीआय उडत होता तो शहाणा होता. त्याला गप्प करण्यासाठी अर्थ तोडला आणि खाली रबरी टायर, म्हणजे चाळीस फुटांच्या पत्र्याला जमिनीत उतरायची वाट एकच उरली. काकू.

"साहेब," बाबा पॅनेलमधून डोकं बाहेर काढून गरजले, "मुंग्या नो! करंट यस! मिसेस फिनिश!"

बसोपंतांचा चेहरा पांढरा पडला. काकूंचा लाल झाला. ॲडॅप्टर कोणी घातला, हा प्रश्न हवेत तरंगत होता. "मागच्या मालकाने," बसोपंत क्षीण आवाजात म्हणाले. तो ॲडॅप्टर गेल्याच महिन्यातल्या पावतीसह खोक्यात होता. काकूंनी पावती वाचली, काही बोलल्या नाहीत आणि बाबांना त्या दिवशी आग्रहाने जेवायला ठेवून घेतलं.

मग नवं पॅनेल आलं. न्यूट्रलची पट्टी प्लास्टिकच्या बुडावर वेगळी, अर्थची थेट पत्र्यावर. इन्व्हर्टर असा, की बस स्वतःच्या बॅटरीवर चालताना न्यूट्रल-अर्थ स्वतः जोडणार आणि बाहेरची वीज लागली की स्वतः सोडणार. सगळ्या वायरी बारीक तारांच्या, कथिलाचा मुलामा दिलेल्या. प्रत्येक टोकाला लग. इथे तत्त्वाचा प्रश्न आला. बसोपंत लग हायड्रॉलिक पकडीने दाबून बसवत. बाबांनी दोन तारा पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "मंडळाचा जॉइंट. पंधरा वर्षं बघायला नको." बसोपंतांनी तो जॉइंट हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि बाबांचं लक्ष नसताना कापून पुन्हा दाबला. रात्री बाबा मला म्हणाले, "साहेब चांगला माणूस आहे, पण विश्वास नाही त्याचा कशावर."

बॅटऱ्यांचा अध्याय त्याहून मोठा. या बसचं मूळ वायरिंग २४ व्होल्टचं, म्हणजे १२ च्या दोन मोठ्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, एकेक उचलायला दोन माणसं लागणार. आता रेडिओ, पंखे, दिवे बाजारात मिळतात ते १२ व्होल्टचे. मागच्या मालकाने काय केलं, तर दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊन सगळं चालवलं. दर वर्षी एक बॅटरी मरे, आणि दर वर्षी तीच.

माझ्या बायकोने विचारलं, असं का? बाबांनी चहा बशीत ओतत सांगितलं, "एकत्र कुटुंबात दोघे भाऊ आहेत. धाकटा राबतो, थोरला ओसरीवर बसून असतो. चार्जर ताटं वाढतो ती दोघांची सरासरी बघून. धाकट्याचं पोट भरत नाही आणि थोरल्याला अजीर्ण. दरवेळी आधी जातो तो धाकटाच." मग इक्वलायझर म्हणून जो डबा बसोपंतांनी बसवला तो काय? "तो मामा. दोघांत सारखी वाटणी करणारा."

जुना चार्जर तर चोवीस तास घुं घुं करी. बॅटरी रिकामी असो की भरलेली, त्याचं व्होल्टेज एकच. मेसातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तो भरलेल्या बॅटरीतलं पाणी उडवत राही आणि काकू दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणत राहत. नवा चार्जर तीन टप्प्यांचा. आधी पूर्ण करंट, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून हळूहळू कमी, आणि शेवटी साडेतेराच्या जवळ नुसतं सांभाळून ठेवायचं. २४ ला हे सगळं दुप्पट.

एवढं झाल्यावर माणूस थांबेल. पण तेवढ्यात बसोपंतांनी लिथियम वाचलं. शिसं-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची जवळजवळ रिकामी केली तरी तक्रार करत नाही, वजनही बरंच कमी. मात्र पाण्याचा बर्फ होतो त्या थंडीत तिला चार्ज करायचं नाही. मेसात अंड्याचं ऑम्लेट बॉनेटवर होतं, पण बसोपंतांनी बॅटरीखाली गरम करायची गादी घातली. ती गादी बॅटरीवर चालते, हे काकूंच्या लक्षात आलं. शिवाय आतलं संरक्षक सर्किट एकदम तुटलं तर इंजिनवरच्या अल्टरनेटरचा भार झटक्यात जातो आणि त्याचे डायोड उडतात, म्हणून मध्ये आणखी एक चार्जर. म्हणून आणखी एक फ्यूज. म्हणून आणखी एक डबा. बसमध्ये झोपायला जागा होती ती एका माणसाची झाली.

उद्घाटनाला बाबांनी बसमध्ये चहा करायला सांगितला. दीड हजार वॉटची किटली पाच मिनिटं चालली. बसोपंतांनी पाटीवर हिशेब केला : १२५ वॉट-अवर, २४ व्होल्टला पाच अँपिअर-अवरच्या वर, इन्व्हर्टरची तूट धरून सहा. बाबांनी दुसरा कप मागितला. बसोपंत म्हणाले, "बारा." तिसऱ्याला त्यांनी घाईघाईने सोलरचा मीटर पाहिला.

जानेवारीत आम्ही सगळे क्वार्ट्झसाइटला गेलो. ॲरिझोनातलं हे वाळवंटी गाव. बाहेर सरकारी मोकळ्या जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्कामाला परवाना मिळतो आणि हिवाळ्यात देशभरच्या गाड्या येऊन उतरतात. बहुतेक ठिकाणी ना नळ, ना विजेचा खांब. आपल्या बॅटऱ्या आणि आपण. बसोपंतांसाठी हीच पंढरी. समोर डोंगर तांबूस होत होते, आकाशात एवढ्या चांदण्या होत्या की मुलं मोजायची विसरली, आणि कोचवाले एकमेकांच्या बसखाली दिवे घेऊन शिरले होते.

रात्री शेकोटीभोवती कोणीतरी गोष्ट सांगितली. त्याने घरी गाडीसाठी तीस अँपिअरचं सॉकेट बसवून घेतलं. ते १२० व्होल्टचं असतं, पण इलेक्ट्रिशियनला वाटलं मोठं सॉकेट म्हणजे कपडे वाळवायच्या मशीनचं, आणि त्याने २४० जोडलं. मायक्रोवेव्ह, टीव्ही, चार्जर, सगळं एका क्षणात खलास. शेकोटीभोवती सन्नाटा पसरला. मी बाबांना मराठीत सांगितलं.

"२४० आलं म्हणून जळलं?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे तेवढं आलं तर लोक पेढे वाटतात."

परतल्यावर बसोपंतांनी शेवटचं काम केलं. प्रत्येक वायरीला छापील नंबर, झाकणाच्या आतून लॅमिनेट केलेला नकाशा. "पुढच्या माणसाला माझ्यासारखे हाल नकोत." फक्त एक निळी वायर उरली. ती पॅनेलमधून निघे, न्हाणीमागे शिरे आणि नाहीशी होई. मीटर लावून पाहिला, ओढून पाहिली, दोघे तीन दिवस तिच्यामागे होते. काही चालतही नव्हतं, काही बंदही होत नव्हतं. बसोपंत कापायला निघाले, तर बाबांनी हात धरला. मंडळात शिकलेला पहिला धडा, जी कुठे जाते ते माहीत नाही, ती तोडायची नाही. त्यांनी मार्करने पट्टीवर लिहिलं आणि वायरीला गुंडाळलं : 'ही वायर कापू नये. हुकुमावरून.'

सहा महिने संपून बाबा परत गेले. आणि बसोपंत आजारी दिसू लागले. बस तयार होती. काहीही उडत नव्हतं, तापत नव्हतं, काकूंना मुंग्या येत नव्हत्या. सकाळी उठून ते पॅनेल उघडत, सगळे हिरवे दिवे बघत आणि पुन्हा मिटत. काकूंनी यलोस्टोनचे फोटो आणून ठेवले. बसोपंतांनी ते पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण तिथे जाऊन करायचं काय?"

महिन्याभरात त्यांनी बस विकली, ओरेगनच्या एका तरुण जोडप्याला. आणि त्याच आठवड्यात दारात दुसरी आली. ईगल, सांगाडा गंजण्याबद्दल प्रसिद्ध, आत वायरींचं जंगल, एकालाही नंबर नाही. बसोपंतांच्या गालांवर पुन्हा रंग चढला. काकूंनी यलोस्टोनचं तिकीट विमानाचं काढलं. एकच.

परवा मी त्यांना टॉर्च धरून देत होतो, तेव्हा ओरेगनहून फोन आला. बसोपंतांचे हात गुंतलेले, म्हणून मी स्पीकर लावला. पलीकडचा मुलगा फारच आदराने बोलत होता. पॅनेल सुंदर आहे, नकाशा सुंदर आहे. फक्त एक निळी वायर आहे, तिच्यावर कुठल्यातरी भाषेत काहीतरी लिहिलंय. काय आहे ते? कोणी लिहिलं?

बसोपंतांनी ईगलच्या पोटातून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला आणि ठाम आवाजात म्हणाले,

"मागच्या मालकाने."